पारोची तारीख

वाळूजच्या कारखान्यांत बाहेरगावचे पाहुणे आले की सुटीच्या दिवशी त्यांना अजिंठा दाखवायची रीतच पडली आहे. गाडी सिल्लोड ओलांडते, अजिंठा गावातून घाट उतरते आणि फर्दापूरच्या बाजूला लेण्यांच्या फाट्यापाशी थांबते. गावात सहसा कुणी उतरत नाही. गोष्ट मात्र गाडीतच सांगून होते. लेण्यांतली चित्रं उतरवायला आलेला गोरा साहेब, त्याला रानात भेटलेली आदिवासी पारो, तिचा अकाली मृत्यू, साहेबाचं खचणं आणि शेवटी चित्रांची राख. ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 साली काढलेला चित्रपट, यांनी ही गोष्ट घरोघरी पोचवली. पुरावा काय, असं विचारलं तर बोट दाखवलं जातं ते अजिंठा गावातल्या पारोच्या कबरीकडे. पण तो दगड या गोष्टीचा पुरावा नाही. नीट वाचला तर तो गोष्टीच्या विरोधातच साक्ष देतो, आणि ती साक्ष गोष्टीपेक्षा मोलाची आहे.

दगडावरचा मजकूर एका ओळीचा आहे, इंग्रजीत. माझ्या लाडक्या पारोच्या स्मृतीस, जी 23 मे 1856 रोजी वारली. बस्स. तिच्या बापाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही, वय नाही, मरणाचं कारण नाही. दंतकथेनं या सगळ्या रिकाम्या जागा आपल्या मर्जीनं भरल्या आहेत. कुणी साथीनं गेली म्हणतं, कुणी विषप्रयोगापर्यंत जातं. साथ म्हटली की आपल्याकडे चटकन प्लेग आठवतो. पण पिढ्यांच्या आठवणीत बसलेला तो प्लेग 1896 साली मुंबईत आला. मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, साथ असलीच तर पटकीची शक्यता अधिक. अर्थात हाही तर्कच. दगड ठामपणे देतो ती एकच गोष्ट, तारीख. आणि नेमकी तिचीच दंतकथेला पर्वा नाही.

ती तारीख गोष्टीतल्या साहेबाच्या, म्हणजे रॉबर्ट गिलच्या, आयुष्याशेजारी मांडून पाहू. गिल जन्मला 1804 साली. मद्रासच्या फौजेतल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीनं 1844 मध्ये अजिंठ्याच्या कामावर नेमलं. आदल्या वर्षी जेम्स फर्ग्युसननं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवरचा निबंध वाचून चित्रं नष्ट होत असल्याची ओरड केली होती, त्याचं हे फळ. म्हणजे पडद्यावरचा प्रेमवीर अजिंठ्यात आला तेव्हा चाळिशीचा होता, विवाहित होता, मुलाबाळांचा बाप होता. पारो गेली तेव्हा तो पन्नाशी उलटलेला. गोष्ट म्हणते, यानंतर तो संपला. कागद तसं म्हणत नाहीत. त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि 1864 मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं लंडनमध्ये निघाली. त्यांतल्या शैलगृहांवरच्या पुस्तकात 74 छायाचित्रं आहेत आणि मजकूर खुद्द फर्ग्युसनचा. लेण्यांच्या अंधारात, त्या काळच्या ओल्या काचा आणि रसायनं सांभाळत हे काम करणारा माणूस खचलेला म्हणता येत नाही. त्याची बहुतेक तैलचित्रं सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली ती डिसेंबर 1866 मध्ये, पारोच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. मोजकी वाचली, ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिल स्वतः वारला 1879 साली, म्हणजे पारोनंतर 23 वर्षांनी. प्रेयसीचं मरण, चित्रांची होळी आणि चित्रकाराचा अंत हे तीन प्रसंग एका दमात सांगितले की शोकांतिका होते. त्यांच्यामधली वर्षं परत घातली की एका चिवट कारागिराचं आयुष्य दिसू लागतं.

गिलची कबर भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. दोन दगड दोन गावांत, शंभर किलोमीटरच्याही आतलं अंतर. मरणानंतरही ताटातूट, असा हुंदका इथं हमखास येतो. त्याचं कारण बरंच रुक्ष आहे. अजिंठा निजामाच्या मुलखात, भुसावळ इंग्रजांच्या खानदेशात. जीआयपी रेल्वेमुळे भुसावळला गोऱ्यांची वस्ती झाली होती, आणि वस्तीबरोबर दफनभूमीही. पारो ख्रिस्ती नसावी. तसं असेल तर गिल अजिंठ्यात वारला असता तरी चर्चनं दोघांना एका भूमीत जागा दिली नसती.

यावर पहिला आक्षेप असा, की दंतकथेला तारखेची पट्टी कशाला लावायची? कवितेला लावू नये, मान्य. महानोरांनी काव्य लिहिलं, बखर नव्हे. त्यांच्याकडे पावती मागणं अरसिकपणाच ठरेल. पण हीच गोष्ट जेव्हा इतिहास म्हणून सांगितली जाते, तेव्हा पारोचं काय होतं ते पाहायला हवं. ती चित्रांची प्रेरणा होते, साहेबाच्या दुःखाचं निमित्त होते आणि त्याची कला संपवायला मरते. तिच्या वाट्याला स्वतःचं असं काहीच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ‘बीबी’ ठेवण्याची चाल जुनीच, त्यात प्रेम शोधणं म्हणजे सत्तेवर गुलाबपाणी शिंपडणं. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. कंपनीनं 1791 मध्येच देशी आईच्या मुलांना आपल्या नोकरीची दारं बंद केली होती. अशा नात्यातली बाई आणि तिची मुलं कुठं उभी होती, ते त्यावरून कळतं. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक यानं खैरुन्निसाशी लग्न केलं, तर त्याची चौकशी कलकत्त्यापर्यंत गेली, आणि ती तर बड्या घराण्यातली होती. पारोच्या पाठीशी घराणंही नव्हतं. या नात्याबद्दल तिला काय वाटत होतं, हे दगड सांगत नाही. तो एकाच पक्षाचं म्हणणं आहे, आणि तेही अशा लिपीत, जी तेव्हाच्या अजिंठ्यात क्वचितच कुणाला वाचता आली असेल.

तरीही ते म्हणणं साधं नव्हे. मृत्युलेखातले मायेचे शब्द ठरीव असतात, हे खरं. पण तो ठरीव साचा विवाहित बायकोसाठी, लेकरांसाठी होता. कर्कपॅट्रिकच्या काळात देशी बाईशी नातं निदान उघड असे. 1856 पर्यंत हवा बदलली होती. मेमसाहेबा आल्या होत्या, पाद्री आले होते, आणि अशी नाती घराच्या मागल्या दारी गेली होती. बहुतेक बीबींच्या वाट्याला फार तर मृत्युपत्रातली एखादी ओळ आली, पुष्कळदा नावाविनाच. अशा वेळी तिचं नाव आणि दिवस दगडावर कोरून, उघड्यावर, गावात उभं करणं म्हणजे नात्याची कबुली देणं होतं. दगडावरून प्रेमाची खोली मोजता येत नाही. ही कबुली मात्र सिद्ध होते, आणि माझ्या मते तिचं ऐतिहासिक मोल रानातल्या भेटीपेक्षा जास्त आहे.

पुढचं संशोधन याच दिशेनं व्हायला हवं. गिलचा माग लागणं सोपं आहे. फौजेची दप्तरं आहेत, चित्रांबद्दलचा पत्रव्यवहार आहे, आणि हिंदुस्थानातल्या चर्चकडून विलायतेला जाणाऱ्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत जपलेल्या आहेत. त्या नोंदी ख्रिस्ती माणसांच्या. पारो तिथं मिळण्याची आशा कमीच. तिला शोधायचं तर निजामाच्या महसुली दप्तरांत, अजिंठा परगण्याच्या गावकीच्या कागदांत शिरावं लागेल, आणि त्यासाठी फारसी आणि मोडी वाचणारा माणूस हवा.