चित्र पाहताना मुलांच्या मेंदूत काय घडते?

पालघर तालुक्यात सूर्या नदीकाठी मासवण गाव आहे. इथल्या मुलांना मोठे कलासंग्रहालय पाहायचे तर मुंबई गाठावी लागते. मात्र हा टापू वारली चित्रकलेचा आहे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची परंपरा इथलीच. मग घराजवळचे हे चित्र पाहण्याचा मुलांच्या शिक्षणाला काही उपयोग होतो का?

मेंदू चित्र कसे वाचतो?

डोळ्यांनी टिपलेली माहिती मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. तिथल्या पेशी रेषा, कडा आणि त्यांची दिशा ओळखतात. पुढचे भाग त्यातून आकार जुळवतात आणि आठवणींशी ताडून पाहतात.

वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि काडीसारखे हातपाय. नाक-डोळे नसतात. तरीही तो भातलावणीसाठी वाकला आहे की तारप्याच्या तालावर नाचतो आहे, हे मूल बरोबर सांगते. न काढलेला भाग मेंदू अनुभवातून भरून काढतो.

एक खूण दुसऱ्याच गोष्टीसाठी वापरता येते, ही समज इथे कामी येते. पुढे अक्षरे आणि अंक शिकतानाही तीच लागते. लहानपणी मेंदूतील पेशींच्या जोडण्या वेगाने तयार होतात. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, न वापरलेल्या गळून पडतात. म्हणूनच या वयात निरखून पाहण्याची सवय महत्त्वाची.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये 'क्रिस्टल ब्रिजेस' हे कलासंग्रहालय सुरू झाले. सहलीसाठी शाळांचे अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. संशोधकांनी त्याचाच उपयोग करून १२३ शाळांतील सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांची तुलना केली. काही आठवड्यांनी त्यांना एक अनोळखी चित्र दाखवून त्याविषयी लिहायला सांगितले. सहलीला जाऊन आलेल्या मुलांनी अधिक बारकावे टिपले आणि आपल्या म्हणण्याला चित्रातले आधार दिले. ग्रामीण आणि गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये हा फरक जास्त होता.

मात्र चित्रे पाहिल्याने गणिताचे गुण वाढतात, असे सिद्ध झालेले नाही. 'ओईसीडी'च्या २०१३ च्या अहवालातही असे दावे सावधपणे घ्यावेत, असाच सूर आहे. फायदा आहे तो निरीक्षणाचा, कारण शोधण्याचा आणि शब्दांत मांडण्याचा.

पालक, शिक्षकांनी काय करावे?

चित्र नुसते भिंतीवर असून भागत नाही, त्यावर बोलणे व्हायला हवे. मुलाला सावकाश पाहू द्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत: चित्रात काय चालले आहे? ते कशावरून वाटले? आणखी काय दिसते? 'छान' किंवा 'चूक' असा शेरा मारण्याची घाई नको. मूल घरी वारली बोलत असेल, तर उत्तर त्याच बोलीत येऊ द्यावे. नवे मराठी शब्द नंतर जोडता येतात.

चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे सिमेंटच्या घरातल्या मुलालाही आज हे चित्र हातात घेऊन पाहता येते. त्यातली कोणती आकृती कशासाठी, हे सांगणारी आजी किंवा मावशी वर्गात आली, तर तो तास चित्रकलेइतकाच भाषेचाही होतो.