सकाळी होता, दुपारी गायब

डीव्हीडी रायटरचा जमाना संपला, असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. बहुतेक नव्या कॅबिनेटमध्ये तर त्याच्यासाठी जागाही ठेवत नाहीत. तरी सांगलीतल्या माझ्या दुकानात रायटरच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. एमआरआयची सीडी कुणाला उघडून बघायची असते, लग्नाचं शूटिंग डीव्हीडीत अडकलेलं असतं, एखाद्या दुकानदाराचा जुन्या हिशेबांचा बॅकअप ४.७ जीबीच्या डिस्कवरच असतो. तक्रारही ठरलेली: "ताई, सकाळी दिसत होता, आता नाहीच. बंद करून चालू केला की परत येतो."

परत येतो ना? मग बहुतेक वेळा रायटर बरा असतो. खरोखर मेलेला रायटर एकदा गेला की गेलाच. ये-जा करणाऱ्याचा कुठेतरी कॉन्टॅक्ट सुटतोय, नाहीतर त्याला करंट कमी पडतोय. पण आमच्याकडे पहिला इलाज कोणता, तर फॉरमॅट मारा! विंडोज नव्याने टाकून सैल वायर कशी घट्ट होणार, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

रायटर गायब झाला की कॉम्प्युटर बंद करायची घाई करू नका. पूर्ण बंद केला की तो परत येईल आणि पुरावाच जाईल. त्याऐवजी रिस्टार्ट करा आणि स्क्रीन उजळताच डिलीट किंवा एफ २ दाबत राहा, म्हणजे बायोस उघडेल. तिथे हार्डडिस्क वगैरेंची यादी असते. तिच्यात रायटरचं नाव नसेल, तर विंडोज निर्दोष आहे, दोष तारेत, पोर्टात किंवा रायटरमध्ये शोधायचा. नाव असेल आणि तरी विंडोजमध्ये दिसत नसेल, तर ड्रायव्हरकडे वळायचं. या एका तपासणीत अर्धं काम होतं.

पुढचा प्रश्न, तो जातो कधी? एका हाडांच्या डॉक्टरांकडचा रायटर एरवी दिवसभर दिसायचा आणि पेशंटची सीडी आत सरकवली की गायब व्हायचा. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, सीडीच खराब असतात." सगळ्यांच्याच कशा खराब असतील? डिस्क आत गेली की मोटर फिरते, लेझर पेटतो आणि रायटर एकदम जास्त करंट ओढतो. त्याच क्षणी तो जात असेल, तर आधी पॉवरची वायर बघायची.

कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायला, रायटर जोडायची साटा पिन मोकळी असूनही कुणीतरी जुन्या चार पिनांच्या सॉकेटवरून जोड काढला होता. या वायरींत पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, काळ्या दोन अर्थच्या. सॉकेटात लाल वायरीची पितळी नळी फाकली होती आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. सैल जागी करंट वाढला की उष्णता होते, उष्णतेने नळी आणखी फाकते. आणि रायटरचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स चालतं त्या ५ व्होल्टवरच. ते क्षणभर जरी पडले तरी रायटर रिसेट होतो आणि विंडोजला वाटतं कुणी तो उपटूनच नेला. मी जोड फेकून दिला, एसएमपीएसची दुसरी मोकळी साटा पिन ओढून लावली आणि डॉक्टरांना बजावलं, की असले जोड पुन्हा लावू देऊ नका. डाग पडलेला जोड पुढे जळतोही.

टेबलाला धक्का लागला की जातो, अशी तक्रार असेल तर मी डेटाची केबल बघते. साटाची ही चपटी केबल सात पिनांची. स्वस्तातल्या केबलला पत्र्याची क्लिप नसते, मग पंख्याच्या थरथरीनेही ती सरकते. क्लिपवाली घ्या आणि काटकोनात मुडपू नका. केबल बदलून भागलं नाही, तर पोर्ट बदला. पण दोन्ही एकदम नको, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. हात घालण्याआधी मागचा स्विच बंद, वायर भिंतीतून बाहेर.

पोर्टात कसला दोष असणार, असं गिऱ्हाईक विचारतात. असतो. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतः जाहीर केलं होतं, की त्यांच्या नव्या ६ सिरीजच्या चिपसेटमध्ये डिझाइनची चूक आहे. चिपमधल्या एका ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज मिळत होतं, त्यामुळे ३ गिगाबिटचे चार साटा पोर्ट हळूहळू कमजोर पडू शकत होते. ६ गिगाबिटचे दोन ठीक. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज ७० कोटी डॉलरचा होता! आता बघा, वेगवान पोर्ट हार्डडिस्कला देतात आणि रायटरला संथ पोर्ट, म्हणजे वांध्यात येणार रायटरच. त्या काळातलं मशीन कुणी आणलं तर मी रायटर आधी वेगवान पोर्टात लावून बघते.

अलीकडे आणखी एक गंमत होते. एम डॉट टू एसएसडी बसवली आणि रायटर गेला. काही मदरबोर्डांवर एम डॉट टूच्या खाचेत एसएसडी आली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. कुठला, ते बोर्डाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक खोक्यासकट रद्दीत गेलेलं असतं. रायटर दुसऱ्या पोर्टात लावायचा, झालं.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, अशा वेळी डिव्हाइस मॅनेजर उघडा. रायटरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड १९ किंवा ३९ असेल, तर बरेचदा सीडी बर्न करणाऱ्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरची करामत असते. सॉफ्टवेअर काढलं तरी रजिस्ट्रीत त्याच्या अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी राहतात आणि रायटरची वाट अडवतात. त्या काढायच्या, पण आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन. त्याआधी सोपं करून बघा. डिव्हाइस मॅनेजरमधूनच रायटर अनइन्स्टॉल करा आणि रिस्टार्ट करा, विंडोज त्याला नव्याने शोधतं. फक्त स्लीपमधून उठल्यावरच जात असेल, तर पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगवर माझा पहिला संशय.

एवढं करूनही जातच राहिला, तर रायटर दुसऱ्या मशीनला लावा. तिथेही गेला तर मात्र दोष त्याचाच. मग यूएसबीचा बाहेरचा रायटर घ्या आणि तो पुढच्या पोर्टात न लावता कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. त्यालाही ५ व्होल्ट यूएसबीतूनच मिळतात, आणि पुढच्या पोर्टाची बारीक वायर तिथेही करंट कमी पाडते.