दुसरा लखोटा कुठे होता?

एडिसन टाउनशिपला रस्त्याचे मोठे काम काढायचे असले की आधी जाहिरात येते, ठरल्या वेळी चारचौघांसमोर लखोटे फोडले जातात आणि आकडे वाचून दाखवले जातात. न्यू जर्सीचा १९७१ चा कायदाच तसा आहे. काम मिळते ते सर्वांत कमी दराच्या, पण ते निभावण्याची ऐपत असलेल्या बोलीदाराला. इतकी वर्षे इथे काढल्यावर आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण गुहागरजवळचा दाभोळ प्रकल्प आठवला, की वाटते.

जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनशी सामंजस्य करार केला. निविदा नाही, दुसरा बोलीदार नाही. गंमत म्हणजे यात नियमभंगही नव्हता. साध्यासुध्या सरकारी खरेदीला निविदा लागे, पण खाजगी वीज प्रकल्पांना त्या वेळच्या केंद्रीय धोरणात तशी सक्ती नव्हती. म्हणजे राज्याची सर्वांत मोठी खरेदीच चाळणीबाहेर! १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारले, तरी डिसेंबरात वीजखरेदीचा करार झालाच.

१९९५ साली सरकार बदलले. गोपीनाथ मुंडे समितीने स्पर्धा न झाल्यावर बोट ठेवले, ऑगस्टमध्ये मनोहर जोशींनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. आणि १९९६ च्या सुरुवातीला? त्याच कंपनीशी, उतरवलेल्या दराने, पुन्हा वाटाघाटीनेच समझोता. दर उतरला हे खरे, पण रास्त किती हे सांगणार कोण? ते कळायला शेजारी दुसरा लखोटा हवा असतो. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. कराराप्रमाणे वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार मोजायचाच होता.

विकसनशील देशांतील खरेदीव्यवस्था जोखण्यासाठी जागतिक बँक, ओईसीडी वगैरेंनी एक पद्धत बसवली आहे. कायदा, यंत्रणा, प्रत्यक्ष व्यवहार आणि सचोटी अशा चार अंगांनी ती तपासते. पहिल्या दोन अंगांत आपण कागदावर बरेचदा उत्तीर्ण होतो. मी मात्र आधी अपवाद पाहीन: कोणती खरेदी निविदेतून सुटते आणि सूट कोण देतो?

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. तामिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये पारदर्शक खरेदीचे कायदे केले. केंद्राचे २०१२ चे विधेयक मात्र लोकसभेबरोबरच बारगळले. महाराष्ट्राच्या निविदा आता संगणकावर निघतात, एडिसनमध्ये बसूनही पाहता येतात. तरी संगणक फक्त लखोटा सांभाळतो. एकच बोली आली तर तो काय करणार? बोलीदार का येत नाहीत, याचे एक कारण आपल्यातल्या धंदा केलेल्यांना ठाऊक असेल: बिल वेळेवर निघत नाही. मग जो येतो, तो थकणाऱ्या पैशाचे व्याज आधीच दरात धरून येतो.