विश्लेषण : चर्चशिवाय ख्रिस्ती राहता येते का?

करोनाकाळात चर्चची दारे बंद झाली तेव्हा अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी घरातच बायबल वाचून उपासना केली. दारे पुन्हा उघडली, पण एक जुना प्रश्न कायम आहे. ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्याला बिशप, पाद्री आणि त्यांच्या अधिकाराची गरज आहे का?

वाद कशावरून?

दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेतात. दोघे-तिघे ख्रिस्ताच्या नावाने जमले तरी तो त्यांच्यात असतो, असे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. त्याच शुभवर्तमानात पेत्राला मंडळीचा पाया म्हटले आहे, आणि कॅथलिक परंपरा पोपचा अधिकार तिथूनच मोजते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने प्रत्येक श्रद्धावंत याजकच आहे, असे म्हटले. पण त्याच्या अनुयायांनीही पुढे चर्चची व्यवस्था उभारलीच. क्वेकर पंथीयांची पारंपरिक सभा मात्र आजही पाद्रीशिवाय, शांत बसून होते.

टिळकांचा ‘देवाचा दरबार’ काय होता?

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेचच धर्मगुरूंचा शब्द अंतिम मानायला नकार दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणखी पुढे गेले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण पगार मिशनचा, नियम मिशनचे आणि शेवटचा शब्दही मिशनचाच, ही रचना त्यांना सलत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला.

ख्रिस्ताचे शिष्यत्व पुरेसे; बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, दरबार सर्वांना खुला, ही त्यामागची कल्पना. चर्चच्या दृष्टीने हे फार धाडसाचे होते. बाप्तिस्मा हेच सभासदत्वाचे दार; तेच काढून टाकले तर आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवायचे कुणी? टिळकांना तो हिशेबच नको होता. मात्र ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार विरला. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, मागे सांभाळणारी घडी नव्हती. त्यांची पदे मात्र आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ज्या व्यवस्थेला ते कंटाळले, तिनेच ती जपली!

पाद्रीच नसतील तर?

जपानमध्ये १६१४ च्या बंदीनंतर धर्मगुरू संपवले गेले. तरी गावकऱ्यांनी बाप्तिस्म्याचा विधी आपसात चालू ठेवला. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये ते फ्रेंच धर्मगुरूसमोर प्रकटले, तेव्हा दोन शतके उलटली होती. पुढे काही जण कॅथलिक चर्चमध्ये परतले. काहींनी पूर्वजांची रीतच धरून ठेवली. म्हणजे पाद्रीविना श्रद्धा टिकते, पण तिचे रूप बदलत जाते.

तक्रार कुणाकडे करायची?

संस्थेवरचा सर्वांत मोठा आक्षेप अत्याचार झाकण्याचा आहे. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये १९५० पासून धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचाराचे अंदाजे २ लाख १६ हजार बळी असल्याचे म्हटले. या आकड्यानंतर ‘बिशपांवर विश्वास ठेवा’ एवढे उत्तर चालत नाही. पण स्वतंत्र पाळकाच्या घरगुती मंडळीत अन्याय झाला, तर वर दाद मागायला कुणीच नसते. अधिकार तिथेही असतो, फक्त तो लिहिलेला नसतो. म्हणून खरा प्रश्न पुढारी हवा की नको यापेक्षा त्याला जाब कोण विचारणार, हा वाटतो.

भारतात व्यवहार काय?

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार दीक्षित धर्मगुरू किंवा परवानाधारक पाळक लग्न लावू शकतात. चर्च नको असलेल्यांना विवाह निबंधकाचा आणि विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. अडचण येते ती दफनभूमीची. केरळमध्ये मलंकरा चर्चच्या ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट गटांत सत्ता कुणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ च्या निकालानंतरही दफनावरून तंटे होत राहिले. अखेर २०२० मध्ये, मृताला कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळावी म्हणून केरळ सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला.