पेड न्यूज कशी ओळखावी?

वृत्तपत्राने अग्रलेखात एखाद्या पक्षाची बाजू घेणे गैर नाही. ते त्याचे मत असते. पैसे घेऊन प्रचाराचा मजकूर बातमी म्हणून छापणे ही मात्र वाचकाची फसवणूक आहे. तीच 'पेड न्यूज'.

या प्रश्नावर देशभर चर्चा झाली ती नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघामुळे. 2009च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. चव्हाणांनी वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च 5,379 रुपये दाखवला होता. पैसे दिल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. 2014मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून आदेश काढून त्यांना नोटीस दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला.

आता निवडणुकीच्या काळात पेड न्यूजवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. नांदेड-लातूरच्या वाचकांनीही सावध राहावे. बातमीत फक्त कौतुक आहे का? विरोधकाचे म्हणणे गाळले आहे का? तोच मजकूर दुसरीकडेही आहे का? शंका आल्यास कात्रण किंवा स्क्रीनशॉट जोडून समितीकडे तक्रार करा.