प्रयोग कुणाच्या हातात?

विज्ञानाचा कार्यक्रम पाहताना मूल नुसता प्रयोग पाहत नाही. प्रयोग कोण करतो, समजावून कोण सांगतो आणि मान डोलावत कोण उभे राहते, हेही त्याच्या नजरेत भरते. कातडीच्या रंगातला, चेहऱ्यामोहऱ्यातला फरक मुलांना अगदी लहानपणापासून कळू लागतो. त्या फरकाला उच्चनीचतेचा अर्थ आहे, हे मात्र ती मोठ्यांकडून शिकतात आणि थोडेफार पडद्याकडूनही.

अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ने काळी-गोरी माणसे आणि बाहुल्या एकाच गल्लीत नांदवल्या. या मालिकेतल्या अशा दृश्यांचा परिणाम कॅनडात तपासला गेला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांपुढे फोटो ठेवून ‘कुणाशी खेळायला आवडेल?’ असे विचारले. श्वेतेतर मुलांची दृश्ये आधी पाहिलेल्यांनी श्वेतेतर सवंगडी जास्त निवडले. पुढे १९८० मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’च्याच निर्मात्यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘थ्री टू वन कॉन्टॅक्ट’ ही विज्ञानमालिका काढली. तिच्या पहिल्या पर्वाचे तिघे तरुण सूत्रधार वेगवेगळ्या वंशांचे होते आणि त्यांत दोन मुली होत्या. याची निकड किती होती, ते डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३ च्या अभ्यासातून कळते. ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले, तर बाई फक्त २८ चित्रांत निघाली आणि ती सगळी चित्रे मुलींनी काढलेली होती. बाकी बहुतेक तोच साचा: पांढरा कोट, चष्मा, दाढी.

खान्देशात हा प्रश्न काळ्या-गोऱ्याचा उरत नाही, तो आदिवासी-बिगरआदिवासी असा समोर येतो. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. शिरपूरकडे पावरा, साक्रीकडे भिल्ल आणि कोकणा, यावल-रावेरकडे तडवी. घरात पावरी, भिली, अहिराणी किंवा लेवा बोली आणि दूरचित्रवाणीवर प्रमाण मराठी. त्यामुळे पडद्यावरचा माणूस आपला की परका, हे इथल्या मुलाला रंगाआधी बोलण्यावरून कळत असणार. परदेशी अभ्यास इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळेच.

महाराष्ट्रात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. करोनाच्या काळात, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागू लागली. फळा-खडू बाजूला ठेवून घरात आणि आसपास मिळेल त्या सामानातून शिकायचे, ही तिची रीत. सामान ओळखीचे असले की परकेपणा निम्मा कमी होतो. उरलेला निम्मा माणसांचा.

आदिवासी पात्र पडद्यावर आणायचे म्हटले की ढोल, नाच आणि रंगीत कपडे हे ठरलेले. अशाने विविधता दिसते खरी, पण पाहणाऱ्या पोराला कळते ते एवढेच की आपली माणसे नाचतात आणि विज्ञान दुसरी माणसे सांगतात. तिरकमठ्याचे उदाहरण घेता येईल. दोरी ओढली की वाकलेल्या बांबूत ऊर्जा साठते, दोरी सोडली की तीच बाणाला वेग देते. सातवी-आठवीतल्या मुलांना स्थितिज आणि गतिज ऊर्जा शिकवायला याहून सोपे साधन सातपुड्यात शोधून सापडणार नाही. पण तिरकमठा पावरा मुलाच्या हाती आणि स्पष्टीकरण कोट घातलेल्या पाहुण्याच्या तोंडी दिले, तर गाडी पुन्हा मूळपदावर.

स्थानिक शास्त्रज्ञ म्हणून भास्कराचार्यांचे नाव हमखास पुढे येते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. अभिमानाची गोष्ट आहे, वादच नाही. मात्र आठशे वर्षांपूर्वीच्या पंडितात शिरपूरच्या पावरा मुलीला आपले माणूस भेटेल, ही अपेक्षा भाबडी आहे. तिला आजची, तिच्या बोलीत बोलणारी, चुकत-माकत प्रयोग करणारी आणि शेवटी उत्तर स्वतःच सांगणारी मुलगी पडद्यावर दिसायला हवी.