आल्बेमार्ल स्ट्रीटवरील प्रकाशपाठ

लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था काउंट रम्फर्डच्या पुढाकाराने १७९९ साली स्थापन झाली व पुढल्याच वर्षी तिला राजाची सनद मिळाली. तेथे प्रकाशाचे शास्त्र कोणी व कसे शिकवले हे पाहू लागले, म्हणजे शोध लावणे आणि शिकवणे ह्या दोन भिन्न विद्या आहेत, असे मानल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

१८०१ साली येथे प्राध्यापक म्हणून नेमणूक झालेला टॉमस यंग हा, प्रकाश तरंगरूप आहे असे प्रतिपादणारा आणि नेत्राला मूलतः तीनच वर्णांची संवेदना होत असावी असे अनुमान बांधणारा, अलौकिक बुद्धीचा पुरुष होता. परंतु त्याची व्याख्याने इतक्या दाट विणीची असत की हौसेने आलेले श्रोते त्यांत गुरफटून जात, आणि वर्गणीदारांच्या भरवशावर चालणाऱ्या संस्थेला रिकामी बाके परवडण्याजोगी नव्हती. १८०३ साली त्याने ती जागा सोडली.

मुलांसाठी नाताळातील व्याख्यानमाला १८२५ साली सुरू झाली, आणि संस्थेतील शास्त्रज्ञ फॅरडेने तिच्या एकूण १९ माला गुंफल्या. त्याच्याच सहवासात, १८५३ पासून, जॉन टिंडल येथे शिकवू लागला. टाकीतून वाकून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडावा आणि तो सरळ मार्ग टाकून धारेबरोबर वळताना श्रोत्यांना दिसावा, हा त्याचा प्रयोग प्रसिद्धच आहे. तथापि मला त्याहून अधिक मोलाची वाटते ती १८६८ च्या सुमारास त्याने सिद्ध केलेली निळ्या आकाशाची नळी. सुमारे तीन फूट लांबीच्या काचेच्या नळीतील हवा काढून घ्यावी, तीत ब्यूटिल नायट्राइटची अत्यल्प वाफ आणि हायड्रोक्लोरिक आम्लातून आणलेली हवा सोडावी, व विजेच्या दिव्याचा प्रखर झोत तिच्या लांबीभर टाकावा, एवढीच तजवीज; मग त्या प्रकाशाच्याच क्रियेने वाफेचे विघटन होऊन अतिसूक्ष्म कण साकळू लागत, अंधारलेल्या दालनात नळी हळूहळू निळी होई, आणि कण जसजसे वाढत तसतशी ती निळाई विरून पांढुरके धुके उरे. झोताशी काटकोनात उभे राहून ती निळाई निकोल लोलकातून पाहिली, तर लोलक फिरवताच ती मंदावे, कारण सूर्यापासून नव्वद अंशांवरील आकाशाप्रमाणेच तिचा प्रकाशही ध्रुवीभूत असे. कारण आणि कार्य एकाच नळीत, एकाच बैठकीत नजरेसमोर घडत असल्यामुळे येथे विद्यार्थ्याला शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नसे. माझ्या मते ह्या प्रयोगाची खरी खुबी ती हीच.

टिंडलचे स्पष्टीकरण मात्र अपुरे होते, कारण वातावरणात तरंगणारे सूक्ष्म कण आकाशाला निळाई देतात, अशी त्याची धारणा होती. तरंगलांबी निम्मी झाली तर प्रकीर्णन सोळा पट होते, हे गणित भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने १८७१ साली मांडले. पुढे १८८७ साली तो टिंडलच्याच जागी आला, आणि त्या जागेवर असतानाच १८९९ मध्ये त्याने दाखवून दिले की धूळ मुळीच नसली तरी आकाशाच्या निळाईला हवेचे रेणू पुरेसे आहेत.